पऱ्हाटीचा पांढरा कोळसा

समुद्रपूर तालुका कपाशीचा. वेचणी संपली की उरलेली पऱ्हाटी पुष्कळदा धुऱ्यावर जाळली जाते. तीच बारीक करून यंत्रात दाबली की ब्रिकेट, म्हणजे पांढरा कोळसा, तयार होतो आणि बॉयलरला दगडी कोळशाऐवजी चालतो. हलकी, जागा खाणारी पऱ्हाटी दूर वाहून नेणे परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण म्हणूनच हा धंदा गावाजवळच्या लहान उद्योजकाचा ठरतो: शेतातच कुट्टी केली की वाहतूक आटोक्यात येते. काडीकचरा मातीतच जिरावा, हेही पटते. मात्र उभ्या पऱ्हाटीच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते, तेव्हा हंगाम संपताच ती उपटावीच लागते. थोडी कंपोस्टला ठेवून उरलेली विकावी, आणि तिचा रास्त भाव शेतकऱ्याला मिळायलाच हवा.