पाटी फुटल्यानंतरची पाच वर्षे



ज्या सभागृहात पाटी-पेन्सिलीवर शिकलेली पिढी आणि तिची नातवंडे शेजारी शेजारी बसली आहेत, तेथे एका फुटलेल्या पाटीची गोष्ट सांगणे अस्थानी ठरू नये. ही पाटी फुटली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर, एका काल्पनिक खेड्याच्या शाळेत. लूसी मॉड मॉन्टगोमेरी यांची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली होती आणि लेखिकेने कंटाळून हस्तलिखित टोपीच्या खोक्यात टाकून दिले होते. काही काळाने ते हाती आले, पुन्हा वाचावेसे वाटले, आणि बॉस्टनच्या एका प्रकाशनसंस्थेने ते स्वीकारले. या पुस्तकाचे पहिले पुनर्वाचन असे खुद्द लेखिकेनेच केले.

कथानक बहुतेकांच्या परिचयाचे असेल. मॅथ्यू आणि मेरिला कथबर्ट ही उतारवयाकडे झुकलेली अविवाहित भावंडे शेतीच्या मदतीसाठी अनाथाश्रमातून एक मुलगा मागवतात आणि निरोपाच्या घोटाळ्यामुळे येते अकरा वर्षांची, लाल केसांची, अखंड बोलणारी ॲन शर्ली. इंग्रजीत आपले नाव लिहिताना शेवटी ‘ई’ हे अक्षर असलेच पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. देवनागरीत तो हट्ट पुरवता येत नाही, हे तिचे दुर्दैव. ‘तुम्हांला आत्या म्हणू का,’ अशा अर्थाचे ती मेरिलाला विचारते, तेव्हा नाते नसताना नात्याचे नाव लावणे मेरिलाला मान्य होत नाही. अनोळखी बाईलाही सहज मावशी करून टाकणाऱ्या मराठी वाचकाला हा नकार कोरडा वाटेल. पण जे खरे नाही ते तोंडाने म्हणायचे नाही, अशी ही बाई आहे, आणि पुढे तिच्या एका कबुलीला वजन येते ते यामुळेच.

मैत्री या कादंबरीत प्रेमाच्या आधी येते, आणि जास्त जागा घेते. डायना बॅरीशी ॲनची गट्टी जमते. सरबत समजून ॲन तिला घरगुती मद्य पाजते. डायनाची आई दोघींचे भेटणे बंद करते. पुढे एका रात्री डायनाची धाकटी बहीण घशाच्या दुखण्याने गुदमरू लागते. घरात मोठे माणूस नसते. पोरक्या वयात दुसऱ्यांची जुळी मुले सांभाळलेली ॲन रात्रभर तिला उपचार देते, आणि बॅरीबाई स्वतः क्षमा मागतात. एक मोठे माणूस एका मुलीपुढे नमते, हा प्रसंग पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता ती पाटी. गिल्बर्ट ब्लाइथ हा वर्गातला हुशार, देखणा मुलगा. ॲनने आपल्याकडे पाहावे म्हणून तो तिची वेणी ओढतो आणि तिला ‘गाजर’ म्हणतो. ॲन त्याच्या डोक्यावर आपली पाटी फोडते. दोष माझा, असे गिल्बर्ट तेथेच सांगतो. तरीही मास्तर शिक्षा करतात ती फक्त ॲनला. फळ्यावर तिच्या तापट स्वभावाचे वर्णन लिहून त्याखाली तिला उभे केले जाते, आणि नावातला तो ‘ई’ही मास्तर गाळतात! गिल्बर्टच्या चेष्टेपेक्षा हे उभे राहणेच तिच्या मनात खोल रुतले असावे. वर्गातला अन्याय मास्तर संध्याकाळपर्यंत विसरतात. मुले विसरत नाहीत.

दोन वर्षांनंतर नाटकाचा खेळ करताना ॲनची होडी बुडते आणि ती पुलाच्या खांबाला लटकून राहते. तिला वाचवायला येतो गिल्बर्टच. तो मागचे सारे विसरून मैत्री मागतो. क्षणभर तिचे मन हलते, मग फळा आठवतो आणि ती नाही म्हणते. यापुढे कधीच विचारणार नाही, असे सांगून तो निघून जातो. पुढे तिच्या लक्षात येते की राग केव्हाच संपला आहे. पण हे सांगायचे कोणाला आणि कसे? त्यानंतरची अभ्यासातली चुरस, पदके आणि शिष्यवृत्त्या भरभर वाचून संपवल्या तरी चालतील.

शाळकरी वयात ही ॲन आणि गिल्बर्टची गोष्ट वाटते. संसार पाहिलेला वाचक मात्र शेवटून दुसऱ्या प्रकरणात थबकतो. मॅथ्यूचे नुकतेच निधन झाले आहे. मेरिला सहज म्हणते की, गिल्बर्ट अगदी त्याच्या वडिलांसारखा दिसतो. मग सांगते की, जॉन ब्लाइथ आणि ती एके काळी फार जवळची होती. भांडण झाले. त्याने क्षमा मागितली. तिने दिली नाही. द्यायची होती, पण आधी त्याला थोडे झुरवायचे होते. तो पुन्हा आला नाही. एका आयुष्याची ही सारी हकिकत लेखिकेने जेमतेम अर्ध्या पानात उरकली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गिल्बर्ट गावातल्या शाळेची नोकरी ॲनसाठी सोडतो, कारण मेरिलाची दृष्टी अधू होत चालली आहे आणि ॲनने महाविद्यालय सोडून घरी राहायचे ठरवले आहे. दुसऱ्या गावी राहण्या-जेवण्याचा खर्च त्याला पडणार असतो. रस्त्यात भेट होते, आणि या वेळी ॲन आपणहून हात पुढे करते. मेरिलाच्या कबुलीमुळे तिने तो केला, असे लेखिका कोठेही म्हणत नाही. तिने फक्त दोन प्रसंग एकापाठोपाठ ठेवले आहेत. पहिल्या वाचनात श्रेय जाते गिल्बर्टच्या त्यागाला. दुसऱ्या वाचनात मेरिलाचा वाटा दिसू लागतो. धाकट्यांना उपदेश करण्याची सवय असलेल्या या बाईने या एका बाबतीत उपदेश केलाच नाही. आपले काय हुकले, तेवढेच सांगितले.

प्रेम अजून दूरच आहे. ते यायला १९१५ सालचा, मालिकेतला तिसरा भाग उजाडावा लागतो, आणि तेथेही आधी एक नकार आणि मग गिल्बर्टचे जिवावरचे आजारपण मध्ये येते. पहिली कादंबरी मैत्रीवरच थांबते. त्या संध्याकाळी दोघे फाटकाशी बोलत उभी राहतात. ॲन घरात येते तेव्हा मेरिला विचारते, बरोबर कोण होते? उत्तर ऐकून ती किंचित हसते आणि म्हणते की, फाटकाशी अर्धा तास बोलत उभे राहण्याइतकी तुमची मैत्री आहे, हे ठाऊक नव्हते. पाच वर्षांचे बोलणे राहून गेले आहे, ते भरून काढायचे आहे, असे ॲन सांगते. मेरिलाच्या मनात त्या वेळी काय आले, ते कादंबरीत लिहिलेले नाही.