तंबोऱ्यांच्या गावी : स्वागताध्यक्षांचे भाषण



देशोदेशींच्या संगीतकोशकारांच्या संमेलनामुळे मिरज आज आनंदात आहे आणि स्वागत समिती धास्तीत. रात्रीच्या गाड्यांनी जंक्शनवर उतरलेल्या काही पाहुण्यांना वाहनासाठी ताटकळावे लागले, त्याबद्दल समिती मनापासून दिलगीर आहे.

एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरात फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूरकडचा भोपळा, त्यावर तबकडी, दांडी, खुंट्या आणि शेवटी घोडीवरची, तारेला गुंज देणारी जवारी, जी कानानेच काढावी लागते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे याच गावात शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ विसावले आहेत.

मात्र शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल फारसे कोणाला आठवत नाहीत. निवृत्त डेप्युटी कलेक्टर असलेल्या या गृहस्थांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांसाठी खाँसाहेब स्वतः गात. संगीताची नोंद गवयाच्या साक्षीनेच करावी, हे देवलांनी तेव्हाच दाखवून दिले.

संमेलनाचा विषयही तोच : संगीताची नोंद कशी करावी. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीसाठी साऱ्या पृथ्वीच्या संगीतातून सुमारे दीड तासाच्या २७ रचना निवडल्या गेल्या. रॉबर्ट ब्राउन या अभ्यासकाच्या शिफारशीने त्यांत केसरबाई केरकर आल्या. लहानपणी काही महिने खाँसाहेबांकडे शिकलेल्या गोव्याच्या या गायिकेची निवड अचूकच होती. पण नासाच्या यादीत देश, ‘राग’ हा शब्द, बंदिशीचे बोल, गायिकेचे नाव आणि कालावधी एवढेच आहे. रचना भैरवीतली आहे, याचा उल्लेख नाही. दृक्‌श्राव्य कोशात ऐकणाऱ्याला रागाचे नाव कळायला हवे, साथीदार कळायला हवेत, तंबोरा कोणी घडवला हेही कळायला हवे. त्याशिवाय निवड अपुरी राहते.

धान्य देणारे व्यापारी, खोल्या मोकळ्या करणारे वैद्यकीय विद्यार्थी, मांडव घालणारे कारागीर, पाहुण्यांना घरी उतरवून घेणारी कुटुंबे, वर्गणी देऊनही नाव सांगू नका म्हणणारे देणगीदार, या सर्वांची समिती ऋणी आहे. पाण्याची गैरसोय दुपारपर्यंत दूर होईल. जेवणानंतर सतारमेकरांच्या दुकानांत जवारी कशी काढतात ते पाहता येईल. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी कारागिराचे नाव आधी विचारून घ्यावे.