‘काही पण चालेल’ म्हणणाऱ्यांना परत विचारू या



आज बोलू या ताटाबद्दल. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, म्हातारे सासू-सासरे असतात, कुणाचं अपंग मूल मोठं झालेलं असतं. वृद्धाश्रमात तर सगळेच दुसऱ्याच्या हातचं खातात. यांना स्वतः उठून चुलीपाशी जाता येत नाही. मग त्यांच्या ताटात काय पडेल, हे कोण ठरवतं? बहुतेक वेळा आपणच. आपण मायेनंच ठरवतो, पण विचारत नाही. आमची चूक इथेच झाली, ती आधी सांगतो.

आमच्या गटानं एका वृद्धाश्रमाला दोन वेळचं जेवण पुरवायचं काम घेतलं. आम्ही आठवड्याचा तक्ता केला. मुगाची खिचडी, दुधी, वरण-भात, मऊ पोळी. तेल कमी, तिखट नाहीच. म्हाताऱ्या माणसांना हेच बरं, असं आम्हीच ठरवून टाकलं. ताटं अर्धी भरलेली परत यायची. आम्ही म्हणायचो, वय झालं, भूक कमी झाली असेल.

त्यांच्यात यावलकडच्या एक आजी होत्या. त्यांनी तीन दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नाही. आमच्यातली एक ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, “आजी, काय करून आणू?” आजी म्हणाल्या, “काही पण चालेल माय. तुम्हाला कशाला तरास?”

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आपल्या आया-सासवा हेच म्हणतात. माहेरी काय शिजणार ते आईनं ठरवलं, सासरी सासूनं. पुढे नवऱ्याची आवड आली, मग लेकरांची. सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं, ते बाईनं खाल्लं. साठ-सत्तर वर्षं जिला कुणी विचारलंच नाही, ती एका प्रश्नाला एकदम उत्तर कसं देईल? तिला वाटतं, आपण मागितलं तर ओझं होऊ.

ताई दुसऱ्या दिवशी परत गेली. या वेळी डब्यात दोन गोष्टी नेल्या, एक पोळी आणि एक कळण्याची भाकरी. दोन्ही समोर ठेवल्या. आजींनी भाकरी हातात घेतली, वास घेतला, कडा मोडून पाहिली आणि म्हणाल्या, “इतकी जाड थापतात का? आणि उडीद कमी पडले.” ताईला हसू आलं. आजींना दात नव्हते. त्यांनीच सांगितलं, गरम भाकरी कुस्करून डाळीत भिजव आणि झाकून ठेव. तसं करून त्या दिवशी आजी पोटभर जेवल्या. तिसऱ्या दिवशी परत म्हणाल्या, अजून जाडच आहे.

त्यानंतर आम्ही तक्ता बदलला. प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने केले: आवडतं काय, नको काय, आणि डॉक्टरांनी सांगितलंय काय. लिहायला बसलो तेव्हा कळलं, आम्हाला किती कमी माहीत होतं. एका काकांना दूध पाहूनच मळमळायचं. एका मावशींना सकाळी सहाला चहा लागायचा, आम्ही आठला द्यायचो. सातपुड्याच्या पायथ्याचे एक बाबा जन्मभर मासे खाल्लेले, आणि आम्ही त्यांना रोज दुधी वाढत होतो. त्यांच्याच शेजारच्या आजींना अंड्याचा वासही चालत नव्हता. दोघांचंही बरोबर. आम्ही वेगळं भांडं आणि वेगळा चमचा ठेवला, वाढायची जागा लांब केली. आपण स्वतः काय खातो, यावरून दुसऱ्याचं ताट ठरवायचं नाही, हे आमच्या गटात तेव्हा ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, घरात पाच माणसं, शेतावर जायचंय, प्रत्येकाचं वेगळं कुठून करू? अगदी खरं आहे. वेगळा स्वयंपाक करू नका, शेवटचा हात वेगळा द्या. डाळ एकच शिजवा, एका वाटीला लसणाची फोडणी, दुसरीला साधी. भरीत एकच करा, ठेचा बाजूला ठेवा, ज्याला तिखट हवं तो घेईल. भाकरी आणि पोळी दोन्ही असतील तर विचारून वाढा. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती वांगी जिनं जन्मभर तोडली, तिला भरीत कसं हवं एवढं तरी विचारू या. दिवसातून एक गोष्ट तिच्या मनासारखी झाली तरी फरक पडतो. आमच्याकडे ताटातलं उरणं कमी झालं आणि वाया जाणारे पैसेही वाचले.

आता अवघड भाग. आवड एकीकडे आणि आजार दुसरीकडे, मग काय करायचं?

तिथल्या एका आजोबांना साखरेचा आजार होता. आखाजीला सगळ्यांना मांडे आणि आमरस वाढला. आजोबांना आम्ही न विचारता भाकरी आणि मेथी दिली. ते काही बोलले नाहीत. ताट सरकवलं आणि उठून गेले. संध्याकाळी कळलं, कुणाकडून तरी गूळ मिळवून त्यांनी बराच खाल्ला होता. साखर वाढली आणि सगळे घाबरलो. आम्ही त्यांचं रक्षण करायला गेलो आणि त्यांना चोरून खायची वेळ आणली.

पुढच्या आखाजीआधी आम्ही आजोबांनाच बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी त्यांच्याशी थेट बोलून प्रमाण सांगितलं, त्या जेवणात भाकरी-भात किती कमी करायचा आणि साखर कधी तपासायची तेही सांगितलं. मांडा की रस, हे आजोबांनी ठरवलं. म्हणाले, रस राहू द्या, मला मांडा हवा. चतकोर मांडा त्यांनी अर्धा तास पुरवून खाल्ला.

म्हणून लक्षात ठेवा, बंदी घालण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, “किती चालेल?” आणि हा प्रश्न त्या माणसासमोर विचारायचा. काही बाबतीत मात्र हयगय नको. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एकादशी-चतुर्थी धरायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. औषध घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम उतरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आपली केळीसुद्धा विचारूनच द्या. रक्तदाब असेल तर शेव, पापड, लोणचं यांतलं मीठ विसरू नका.

आणखी एक गोष्ट. आमच्या एका सदस्येच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि बोलणं गेलं. सगळे म्हणायचे, यांना आता काय कळतंय? सूनबाईनं दोन वाट्या समोर धरायला सुरुवात केली. सासूबाई नजर जिकडे वळवायच्या, ती वाटी. कधी हात दाबायच्या, म्हणजे हो. तोंड फिरवलं म्हणजे नको, आणि ‘नको’ हेही उत्तरच आहे. एकदा त्यांची नजर शेवभाजीच्या पातेल्यावरच खिळली. पण पाणी पितानाही त्यांना ठसका लागायचा. असा ठसका म्हणजे घास किंवा पाणी श्वासनलिकेत जायची भीती. सून आधी दवाखान्यात विचारून आली. मग शेव रश्श्यात पूर्ण विरघळू दिली, घोटून घट्ट केली, वर पातळ रस्सा राहू दिला नाही, तिखट कमी केलं. सासूबाईंना सरळ बसवून छोट्या चमच्यानं भरवलं आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवलं. घाई केली नाही, जबरदस्तीनं घास कोंबला नाही.

ही नुसती मायेची गोष्ट नाही, हक्काची पण आहे. ज्येष्ठांसाठी 2007 साली कायदा झाला. त्यात आई-वडिलांच्या निर्वाहामध्ये अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार धरले आहेत. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार आपल्या देशानं त्याच वर्षी मान्य केला. 2017 साली त्या कराराच्या समितीनं स्पष्ट केलं, की स्वतःचं आयुष्य स्वतः ठरवण्यात रोजचा दिनक्रम, कपडे आणि आहारसुद्धा येतो. तुमच्या गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पोटभर मिळत नसेल, तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

यावलकडच्या त्या आजी आता नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्यांना फारसं काही गिळता येत नव्हतं. तरी ताई रोज जाऊन विचारायची, “माय, आज काय आणू?” एके दिवशी त्या म्हणाल्या, “आज काही नको. तू बस.” ताई बसली.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला विचारा, आज काय करू? ‘काही पण चालेल’ असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. दोन पदार्थांची नावं घ्या आणि परत विचारा. घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही विचारायला लावा, ते काम एकट्या सुनेचं नाही. पुढच्या गटाच्या बैठकीत कुणाला काय उत्तर मिळालं ते एकमेकींना सांगा.

नमस्कार.