तीन खेळांची एक रात्र

चोपडे गाव शापोरा नदीच्या उत्तर तीरावर वसले आहे. आज शिवोलीहून पुलावरून तेथे काही मिनिटांत पोहोचता येते. पूल होण्यापूर्वी फेरीबोटीची वाट पाहत धक्क्यावर उभे राहावे लागे. नदी ओलांडली की पेडणे महाल लागतो, आणि रात्रीच्या करमणुकीची तऱ्हाही बदलते. बार्देशात तियात्राला जे स्थान आहे, ते इकडे दशावतारी काल्याला आहे. पेडणे 1788 साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांच्या हाती गेले. पण राज्य बदलले म्हणून जत्रेची रात्र जागवण्याची रीत बदलली नाही. ती वेंगुर्ले-सावंतवाडीकडे जशी आहे, तशीच येथेही राहिली.

जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला दशावतारी मंडळी गावात उतरली की लहानथोरांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आज आख्यान कोणते?" पालखी कोणत्या वेळी निघणार, खाजे कोणाच्या दुकानावर चांगले मिळते, हे प्रश्न मागाहूनचे. कीचकवध आहे की वत्सलाहरण, यावर रात्रीची सारी भिस्त असते. वस्तुतः या दोन्ही कथा गावातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. कीचक मरणार हे माहीत असूनच लोक कीचकवधाला बसतात. उत्सुकता कथेच्या शेवटाविषयी नसते, ती आजच्या नटाविषयी असते. संवाद लिहून दिलेले नसल्यामुळे आजचा कीचक काय बोलेल, हे त्या कीचकालाही नीटसे ठाऊक नसते!

हाच प्रश्न युरोप-अमेरिकेतील नृत्यगृहांच्या दारांशी निराळ्या वेशात विचारला जातो. तिकडे बॅलेचे प्रयोग सामान्यतः दोन प्रकारचे असतात. एक, रात्रभराची एकच कथा. चायकोव्हस्कीचे 'हंससरोवर' हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. दुसरा प्रकार तिहेरी कार्यक्रमाचा. अर्ध्या-पाऊण तासाच्या तीन स्वतंत्र नृत्यरचना, मध्ये दोन विश्रांती आणि तिकीट एकच. तिन्हींचे रचनाकार निराळे असू शकतात, संगीत निराळे असू शकते, आणि पुष्कळदा त्यांत कथा म्हणावी असे काही नसतेही. आधुनिक बॅलेचे बहुतेक नवे काम या दुसऱ्या प्रकारातूनच रंगभूमीवर येते. आता प्रेक्षक येतो तो बहुधा तिघांपैकी एकासाठी. उरलेली दोन कोणती ठेवावीत आणि ती कोणत्या क्रमाने, हा चालकाचा खरा पेच.

या प्रकाराला नावारूपाला आणले ते सर्गेई दियागिलेव्ह या रशियन चालकाने. तो स्वतः नर्तक नव्हता, संगीतकार नव्हता, चित्रकारही नव्हता. पण कोणाच्या शेजारी कोणाला बसवावे, याचे त्याला असामान्य ज्ञान होते. 1909 सालच्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्याने आपला पहिला नृत्यप्रयोग लावला, तोच तीन भागांचा. आरंभी फ्रेंच राजदरबारी थाटाचे 'आर्मीदचा मंडप', त्यानंतर बोरोदिनच्या संगीतनाटकातील तार्तर छावणीचा प्रवेश व त्यातील धनुर्धाऱ्यांची बेभान नृत्ये, आणि अखेर निवडक नृत्यांची एक पंगत. पॅरिसकरांना परिचयाचे असलेले त्याने आधी वाढले आणि अपरिचित त्यानंतर. ज्यांनी पहिल्या भागाला शिष्टाचाराने टाळ्या दिल्या, ते दुसऱ्या भागात खुर्च्यांवरून उठले.

चार वर्षांनी, 29 मे 1913 रोजी, त्याने याच युक्तीची कसोटी पाहिली. त्या रात्रीच्या कार्यक्रमात चार रचना होत्या. पडदा उघडला तो शोपँच्या संगीतावरील 'ले सिल्फीद'वर. शुभ्र वस्त्रे, चांदणे, कोणालाही न दुखवणारे नृत्य. त्याच्यामागोमाग आले स्त्राविन्स्कीचे 'वसंतयाग', निजिन्स्कीने बसविलेले. आत वळलेले पाय, जमिनीवर आपटणाऱ्या उड्या, आणि एका मुलीचा बळी. प्रेक्षागृहात जो गोंधळ उडाला, तो नृत्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. पण त्या गोंधळानंतर काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. विश्रांतीनंतर 'गुलाबाची छाया' सादर झाली, आणि शेवटी तीच बोरोदिनची धनुर्धारी नृत्ये, जी चार वर्षांत पॅरिसची लाडकी झाली होती. म्हणजे न पचणारा घास दियागिलेव्हने मधोमध ठेवला. आधी ओळखीचे, नंतरही ओळखीचे. 'वसंतयाग' एकटेच लावले असते, तर त्याला तितके लोक जमले असते की नाही, याची शंका आहे. आणि दुसरीकडे असेही म्हणता येईल, की चांदण्यातील पऱ्या पाहून सुखावलेल्या डोळ्यांवर ते आले नसते, तर इतके बोचलेही नसते. शेजार जसा आधार देतो, तशी धारही देतो.

अशा शेजाराचा एक लाभ आपल्या देशालाही झाला आहे. रशियन नर्तिका आन्ना पाव्हलोवा 1922-23 मध्ये पूर्वेकडील दौऱ्यात हिंदुस्थानात येऊन गेली आणि परतल्यावर 1923 साली लंडनला तिने 'पौर्वात्य छटा' या अर्थाच्या नावाची एक तिहेरी रचना सादर केली. एक भाग जपानी नृत्यांचा, एक हिंदू विवाहाचा आणि एक राधाकृष्णाचा. त्यातील कृष्ण म्हणजे तरुण उदयशंकर. लंडनचे लोक आले होते पाव्हलोवासाठी, तिच्या सुप्रसिद्ध मरणोन्मुख हंसिणीसाठी. पाहून गेले कृष्णाला. पुढे मुंबईस राहणाऱ्या लीला सोखी, ज्या मादाम मेनका या नावाने ओळखल्या जातात, त्यांनाही पाव्हलोवाचे प्रोत्साहन लाभले. एकट्याने नाचण्याच्या कथकाला त्यांनी समूहाचे व कथेचे रूप दिले, 'देवविजय नृत्य' आणि 'मेनका लास्यम्' यांसारख्या रचना बसविल्या, 1936 साली बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत त्यांच्या संचाने पारितोषिके मिळविली, आणि खंडाळ्यास त्यांनी नृत्यशाळा काढली. दमयंती जोशी लहानपणी याच संचात वाढल्या. एका परकीय नर्तिकेच्या कार्यक्रमपत्रिकेतील एका कोपऱ्यापासून ही वाट खंडाळ्याच्या घाटापर्यंत आली, हे ध्यानात घेतले म्हणजे कार्यक्रमपत्रिका ही केवळ छापखान्याची बाब राहत नाही.

आता काल्याची रात्र पाहा. तीही तीन खेळांचीच आहे, मात्र तिची पत्रिका कोणी छापीत नाही. पहिला खेळ आड-दशावताराचा. पखवाज, झांज आणि पायपेटी वाजू लागते. नाईक, म्हणजे सूत्रधार, गाऊ लागतो. ऋद्धिसिद्धींसह गणपती येतो, भटजी येतो, शारदा येते. मग काळ्या झग्यातला, लांब लाल जिभेचा संकासुर येतो आणि वेद पळविण्याच्या कामावर असूनही गावातल्या माणसांची थट्टा करीत बसतो. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. दुसरा खेळ आख्यानाचा, तोच लोकांच्या प्रतीक्षेचा. तिसरा पहाटेचा, दहीकाल्याचा; त्यात गोपाळ, गवळणी आणि फुटणारी हंडी. या साऱ्याला सामान किती, तर मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तेच पर्वत, तीच शेजघर.

पहिल्या खेळासाठी कोणी मुद्दाम येत नाही, हे खरे आहे. तो दरसाल तोच असतो. गणपती तसाच नाचतो, भटजी तसाच अडखळतो. परंतु त्याच्या जागेचा विचार केला, म्हणजे जुन्या लोकांची रंगदृष्टी दिसते. पालखी आटोपून माणसे अजून येत असतात, जागा धरीत असतात. अशा वेळी आख्यान सुरू करणे म्हणजे ते वाया घालवणे. रंगपटात आख्यानाचे राजे आणि राण्या तोंडे रंगवीत असतात; साडी नेसून स्त्री होणाऱ्या पुरुषाला वेळ हवा असतो. पोरे अजून जागी असतात, आणि संकासुर हा मुख्यतः त्यांचा. मध्यरात्रीनंतर ती आईच्या मांडीवर निजतात, आणि मग हरिश्चंद्राने पुत्र विकला तरी चालते. याहून मोठी गोष्ट म्हणजे संकासुर आपल्या गावच्या बोलीत बोलतो आणि आख्यानातले राजे संस्कृतप्रचुर मराठीत. आधी ती बोली ऐकलेली असल्यामुळेच नंतरची भारदस्त भाषा उंच वाटते. पेज जेवल्यावर पक्वान्नाची चव कळते, तसे.

आख्यानाची निवड हे मंडळाच्या मालकाचे गणित. हंगामात मंडळ रोज नव्या गावी उभे असते, आणि चोपड्याचे रसिक काल मोरजीला, परवा पार्शाला जाऊन आलेले असू शकतात. तेच आख्यान पुन्हा लावले तर चहाच्या दुकानावर त्याचा निकाल लागतो. कोणाचा आवाज बसला आहे, कोणता राजपार्टी आज भरात आहे, गावकऱ्यांना युद्ध हवे की करुण, हे सारे पाहून भूमिका वाटल्या जातात, कथेचा सांगाडा सांगितला जातो, आणि नट पडद्याबाहेर पडतात. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, अशी या नटांविषयी म्हण आहे. पण त्या दोहोंच्या मधला हा संध्याकाळचा एक तास, जेव्हा मालक आख्यान ठरवतो, तोही कमी वजनाचा नाही. आता पुष्कळ ठिकाणी आख्यानाचे नाव आधीच फलकावर लागते, ट्रिकसीनची जाहिरात होते, निरनिराळ्या मंडळांतील लाडके नट एकत्र करून 'संयुक्त दशावतार' लावला जातो. त्याने गर्दी निश्चित वाढते. तथापि निरनिराळ्या घरचे पाच राजे एका बाकड्यावर आले, म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणारा मंत्री सापडणे कठीण होते, हेही तितकेच खरे.

तिहेरी कार्यक्रमाची आजची अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. बॅलेगृहांना ठाऊक असते की 'हंससरोवर' लावले तर तिकिटे संपतात आणि तीन नव्या रचना लावल्या तर खुर्च्या उरतात. तरीही लंडनच्या रॉयल बॅलेने 2017 साली क्रिस्टल पाइट या कॅनडाच्या रचनाकर्त्रीकडून निर्वासितांच्या विषयावर अर्ध्या तासाची रचना करून घेतली, गोरेत्स्कीच्या तिसऱ्या सिंफनीवर, 36 नर्तकांची. तिच्या आधी अन्य दोन रचना होत्या. ही अखेरीस ठेवली. योग्यच केले. त्या वाकलेल्या पाठींच्या रांगेनंतर दुसरे काही पाहणे शक्यच नव्हते. 2022 मध्ये तिच्यापुढे आणखी दोन भाग जोडून पाइट यांनी पूर्ण रात्रीचा प्रयोग उभा केला. पण तो उभा राहू शकला, कारण प्रथम दुसऱ्या दोघांच्या आधाराने अर्धा तास मिळाला होता. नवी रचना पडली तर साऱ्या रात्रीचे नुकसान होत नाही, हा त्रिकुटाचा व्यवहारातला लाभ.

पेडण्याची अडचण तिकिटांची नाही, घड्याळाची आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकास बंदी घातली. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य शासन देऊ शकते. झोपेचा हक्क कोणी नाकारणार नाही. आजारी माणूस, परीक्षेचा विद्यार्थी यांचाही गाव असतो. परंतु मध्यरात्री रंगात येणारा आणि पहाटे हंडी फोडणारा खेळ या घड्याळात बसत नाही. म्हणून खेळ सायंकाळी सरकतो, दोन-अडीच तासांचा होतो, आणि कात्री प्रथम चालते ती आड-दशावतारावर. शहरी व्यासपीठांवर तर तो पुष्कळदा गणपतीच्या नमनापुरताच उरतो. ज्या भागासाठी कोणी आले नव्हते तो काढला, तर कोणाचे काय बिघडले, असा युक्तिवाद केला जातो. दियागिलेव्हच्या रात्रीतून 'ले सिल्फीद' काढण्यासारखेच हे आहे.

काटछाट करणे भागच असेल, तर ती आख्यानात करण्याजोगी पुष्कळ आहे. एकाच प्रसंगी तीन-तीनदा होणारी युद्धे, धूर आणि दिव्यांच्या करामती, लाडक्या नटाने ताणलेले पद, यांतून अर्धा तास सहज निघतो. तो अर्धा तास नाईकाच्या नमनाला, अडखळणाऱ्या भटजीला आणि पुढच्या रांगेत डोळे विस्फारून बसलेल्या पोरांसाठी त्या लाल जिभेच्या संकासुराला द्यावा. हंडी पहाटेऐवजी साडेनवाला फुटली, तरी दही तेच राहील.