आखाड्यावरचा कारवानी

हिंगोलीकडं एखाद्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, उंच, सडपातळ कुत्रा दिसला आणि बरगड्या मोजता आल्या, तर त्याला उपाशी समजू नका. तो कारवानी, त्याचा बांधाच तसा. कान-शेपटीला लांब केस असतील तर पश्मी. उंची खांद्यापाशी दोन फुटांच्या वर. व्यापारी काफिल्यांबरोबर मध्य आशियाकडून आलेल्या कुत्र्यांचा हा वंश मानतात. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी त्याला राजाश्रय दिला. लातूर जिल्ह्यातल्या जानवळच्या लोकांनी मात्र तो आपल्या भाकरीवर जपला. मला कौतुक त्यांचंच जास्त. या कुत्र्याचं मूळ काम सशाचा पाठलाग. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली, आता उरली शेताची राखण. परक्याला तो सहसा अंगाला हात लावू देत नाही. पाळलात तर फक्त कायम साखळीला ठेवू नका. रोज मोकळं धावणं त्याला हवंच.