नटसम्राटाचे घर : रंगमंचावरचे आणि पडद्यावरचे



'नटसम्राट' म्हटले की घर मागणारा म्हातारा डोळ्यांसमोर उभा राहतो. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक 1970 मध्ये दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले आणि शांता जोग कावेरी. महेश मांजरेकरांचा चित्रपट 2016 च्या पहिल्या दिवशी झळकला. त्यात गणपतराव झाले नाना पाटेकर. आपल्या घरांतल्या तरुण मुलांना 'नटसम्राट' ठाऊक आहे तो बहुधा या चित्रपटातून. म्हणून चित्रपटाने नाटकाचा कोणता अर्थ लावला, हे पाहायला हवे.

नाटकामागे शेक्सपिअरचा 'किंग लिअर' आहे. लिअर राज्य वाटतो, बेलवलकर मिळवलेले सगळे मुलांना देऊन टाकतात. मात्र लिअरच्या दरबारात एक विदूषक आहे. राजाचे चुकले, हे तो राजाच्या तोंडावर सांगतो. शिरवाडकरांनी असा विदूषक ठेवला नाही. कावेरी सावध करते, पण ती पत्नी आहे. तिच्या बोलण्याला मायेची मर्यादा आहे. त्यामुळे नाटकातले गणपतराव आपले गाऱ्हाणे थेट आपल्यापुढे मांडतात. त्यांची स्वगते ऐकणारे आपण, आणि न्याय करणारेही आपणच.

चित्रपटाने इथे एक नवे पात्र आणले : रामभाऊ. विक्रम गोखल्यांनी ते केले. हा जुना नटमित्र गणपतरावांच्या नटपणाची आणि माणूसपणाची झडती घेतो. विदूषकाचे काम असे बरोबरीच्या माणसाकडे आले. दोघे मिळून कर्ण-कृष्णाचा प्रसंग रंगवतात, तेव्हा मुलांच्या कृतघ्नपणाची गोष्ट मागे पडते आणि नटाच्या आयुष्याचा हिशोब पुढे येतो. माझ्या मते हा चित्रपटाचा खरा लाभ. गणपतराव केवळ छळलेले बाप राहत नाहीत; टाळ्यांच्या नशेत जगलेला माणूस म्हणूनही दिसतात.

पण याची किंमत आहे. मित्र समोर असला की स्वगताची गरज कमी होते. शिवाय कॅमेऱ्याला घर दाखवावेच लागते : त्याच्या भिंती, फर्निचर, मुलीच्या घरातली ती खोली. रंगमंचावरचे घर चार फळ्यांचे. बाकीचे प्रेक्षक आपल्या आठवणीतून बांधतो. म्हणून रंगमंचावर मागितलेले घर प्रत्येकाचे वेगळे असते. पडद्यावरचे मात्र बेलवलकरांचेच राहते.

आपल्या तालुक्यात हा फरक लवकर कळावा. तालुक्याचे जुने नाव सुपा. ते गाव काळी नदीवरच्या सुपा धरणाच्या पाण्याखाली गेले, ठाणे जोयड्याला आले, आणि उठलेल्या कुटुंबांसाठी रामनगर वसले. बेलवलकरांनी घर आपल्या हाताने दिले. इथल्या लोकांना तो पर्याय नव्हता. ही दोन दुःखे एक नव्हेत. तरी दोन्हींतून एकच गोष्ट कळते : छप्पर मिळाले म्हणजे घर मिळाले असे नाही. आपल्याला नावाने ओळखणारे, आपली बोली समजणारे कोणी शेजारी लागते. गणपतरावांना रस्त्यावर बूटपॉलिशवाला राजा भेटतो. पोटच्या मुलांकडे जे मिळाले नाही, ते घरपण त्याच्याकडे मिळते.

तेव्हा चित्रपट पाहू नका, असे मी म्हणणार नाही. जरूर पाहा, रामभाऊसाठी तर पाहाच. पण नंतर नाटकाचे पुस्तक घ्या, आणि आजोबा-नातवंडांनी एकत्र बसून मोठ्याने वाचा. नेपथ्य नको, प्रकाशयोजना नको. कन्नड शाळेत शिकणाऱ्या नातवाला एखादा शब्द अडेल. त्याचा अर्थ आजी सांगेल, आणि सांगता सांगता जुन्या सुप्यातले तिचे घर कसे होते तेही सांगेल. ते घर कोणत्याही कॅमेऱ्याला सापडणार नाही. ते ऐकून घेणारा मात्र घरातच हवा.