गरम ताटाला लाजायचं कशाला?

बायांनो, कोणी भांडी घासता घासता ऐकत असेल, कोणी मोहफूल निवडत असेल. हात चालू ठेवा, कान इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत प्रवासातल्या जेवणाबद्दल.

मागच्या एका बैठकीत आम्ही गटातल्या सगळ्यांना विचारलं, बाहेरगावी गेल्यावर तुम्ही जेवता कुठे? निम्म्याहून जास्त जणी म्हणाल्या, "जेवतच नाही." आपल्या सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून लांब. ऑफिसचं एखादं काम असलं की पहाटे निघायचं आणि रात्री परतायचं. डब्यातली भाकर सकाळीच संपते. मग चहा-बिस्किटावर दिवस. सोबत पुरुष असला तर तो हॉटेलात जातो, बाई मोटारस्टँडवर पिशव्या राखत बसते. कोणी म्हणतं पैसे जातात, कोणी म्हणतं लोक काय म्हणतील. आणि खरं कारण तर हळू आवाजात सांगतात: पाणी प्यायलं तर जायचं कुठे?

बायांनो, उपाशी राहून वाचवलेले ते पैसे चक्कर आणि डोकेदुखीच्या गोळ्यांत जातात. म्हणून आम्ही ठरवलं, गटाचं काम असेल तर जेवण गटाच्या खर्चात धरायचं आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं.

त्यानंतर शिलाई मशीनचं सामान आणायला आम्ही नऊ जणी प्राणहितेच्या पुलावरून मंचेरियालला गेलो. दुपारी एका गल्लीत छोटी मेस दिसली. चार टेबलं. चालवणाऱ्या दोघी, सासू आणि सून. आम्ही आधी हात धुवायची जागा पाहिली, संडास आहे का विचारलं, मग बसलो. भाषेची अडचण नव्हती. आपल्याकडे घरोघरी तेलुगू बोलतात. आम्ही तिला अक्का म्हटलं, ती आम्हाला अम्मा म्हणाली.

ताटात काय होतं? वाफाळता भात, पप्पू म्हणजे घट्ट वरण, एक भाजी, चारू म्हणजे आंबट पातळ सार, अंबाडीची पच्चडी आणि शेवटी दही. पाचसहा पदार्थ, बस. भात संपला की सून परत वाढायची. आमच्यातल्या एक आजी, साठीच्या पुढच्या, पहिल्या घासाला थांबल्या. आम्हाला वाटलं, तिखट लागलं. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर वाढलं. गरम भात कोणी माझ्या पुढ्यात आणून ठेवला, असं आज पहिल्यांदा झालं." पुढे कोणी काही बोललं नाही. सगळ्या पोटभर जेवल्या.

जेवण झाल्यावर आम्ही अक्काला धंद्याचं विचारलं. ती म्हणाली, सकाळी वीस-पंचवीस माणसांचाच भात टाकते. तो संपत आला की दुसरा चढवते. म्हणून भात गरम राहतो आणि उरत नाही. भाजी रोज एकच, त्या दिवशी बाजारात जी ताजी आणि स्वस्त असेल ती. पच्चडी, लोणचं घरचं. बाहेर रंगीत पाटी नाही, पण ताट कधी शिळं नाही, म्हणून गिऱ्हाईक रोजचं.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाचं बघा. ब्रह्मदेशाच्या पलीकडे थायलंड देश आहे. त्याच्या उत्तरेला चियांग माय नावाचं शहर आहे. डोंगर आणि सागवानाचं जंगल, आपल्यासारखाच मुलूख. तिथल्या छोट्या खानावळीत चिकट भात मिळतो. तो वाफेवर शिजवतात, बांबूच्या टोपलीत वाढतात आणि हातानं गोळा करून खातात. सोबत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण कुटून केलेली चटणी, म्हणजे आपल्या ठेच्याची बहीणच. बांबूच्या कोंबांची भाजी असते. हंगामात लाल मुंग्यांची अंडीसुद्धा. परदेशातले पाहुणे ते मुद्दाम मागून खातात आणि पैसे मोजतात.

वाचताना आम्हाला हसू आलं. वास्ते आपल्याकडे पावसाळ्यात निघतात. सात्या निघतात. लाल मुंग्यांची चटणी आपले माडिया लोक पिढ्यान् पिढ्या खात आले. अंबाडी परसात आहे, मासे नदीत आहेत. पण पाहुणा आला की आपण वास्ते झाकून ठेवतो आणि पनीर शोधत फिरतो. केरळमध्ये कुटुंबश्रीच्या गटांतून अट्टप्पाडीच्या आदिवासी बायांनी 'वनसुंदरी' नावाची कोंबडी पुढे आणली. जंगलातला मसाला घातलेला तो पदार्थ शहरातल्या मेळ्यांत लोक रांगा लावून खातात. त्यांनी आपली चव लपवली नाही.

आपल्याकडे खाणारे येतात का? एप्रिल 2022 मध्ये प्राणहितेचा पुष्कर झाला, तेव्हा घाटावर केवढी गर्दी होती ते तुम्ही पाहिलं आहे. नदीपलीकडे कालेश्वरला तर वर्षभर भाविक असतात. 2015 नंतर बारा वर्षांनी, 2027 मध्ये गोदावरीचा पुष्कर आहे. त्या लोकांना जेवू कोण घालणार? बाहेरचे ठेकेदार, की आपले गट?

थोडा हिशेब मांडू. समजा, दिवसाला तीस ताटं, एका ताटाचे 80 रुपये. झाले 2400. किराणा, गॅस आणि जागेचं भाडं मिळून 1500 गेले, तर 900 उरले. तीन बायांना 300-300. भात उरून वाया गेला तर हेच पैसे उकिरड्यावर जातात. म्हणून अक्काचं गणित लक्षात ठेवा: थोडं शिजवा, गरम वाढा, संपलं की परत शिजवा.

काही गोष्टी मात्र पक्क्या करा. अन्नसुरक्षा कायद्याखाली छोट्या खानावळीलाही नोंदणी लागते, ती आधी करून घ्या. वास्ते चिरून चांगले उकळा आणि ते पाणी फेकून द्या, कच्चे वास्ते बाधतात. ओळख पटल्याशिवाय कोणतीही सात्या हंड्यात टाकू नका. प्यायचं पाणी झाकून ठेवा. आणि बाईमाणसासाठी स्वच्छ संडास ठेवा. ज्या अडचणीमुळे आपण उपाशी राहिलो, ती आपल्या दारात दुसरीला यायला नको.

येत्या बैठकीत दोन ठराव घ्या. पहिला, गटाच्या कामाला जाणारी कोणतीही बाई उपाशी परतणार नाही, तिच्या जेवणाचा खर्च वहीत लिहायचा. दुसरा, प्रत्येकीनं आपल्या घरची एक चीज सांगायची, जी परगावच्या माणसाला ताठ मानेनं वाढता येईल. ती यादी आमच्याकडे पाठवा. पुढच्या वेळी रेडिओवर ती वाचून दाखवू आणि कोणता गट काय रांधणार ते ठरवायला बसू.